मास्तरांनी पारखून घेतलेला कॉम्प्युटर

गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध मात्र गणवेशापुरताच होता. मास्तर शिंपी होते. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत घर. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि तोंडात टाचण्या. टाचण्यांमुळे ते कमी बोलतात असा लोकांचा समज होता. खरं तर टाचण्या काढल्यावरही ते तेवढंच बोलत.

माप घेण्याची त्यांची एक पद्धत होती. गिऱ्हाईक समोर उभं करायचं आणि आतल्या बाजूला तोंड करून ओरडायचं, "माप!" बायकोला ही एवढीच हाक. 'अगं' नाही, 'ऐकतेस का' नाही, नाव तर लग्नाच्या कागदावर सही करताना घेतलं असेल तेवढंच. आतून आवाज यायचा, "आले हो, आले!" आणि गल्लीच्या काकू, म्हणजे मास्तरांची बायको, ओले हात पुसत येऊन कॉम्प्युटरसमोर बसायच्या. मास्तर म्हणणार, "छाती अडतीस." काकू ते टाइप करून म्हणणार, "हं." "कंबर चौतीस." "हं." गिऱ्हाइकानं श्वास रोखून पोट आत ओढलेलं असलं, तर मास्तर आकडा सांगायच्या आधी थोडं खोकायचे, आणि काकू न विचारता दोन इंच वाढवून लिहायच्या. एवढ्या खोकल्यावर त्यांचा संसार चालला होता, आणि गावातल्या निम्म्या पुरुषांची अब्रूही.

काकू गेल्या. मास्तरांचं दुकान आठवड्यानं उघडलं, पण पद्धत काही मोडली नाही. अजूनही ते म्हणत, "छाती अडतीस," आणि थांबत. त्या थांबण्यात शिलाई मशीनसुद्धा गप्प वाटायचं. जुनी गिऱ्हाइकं मान खाली घालून तेवढा वेळ जाऊ देत. एका नवख्या माणसाला मात्र ती शांतता सोसली नाही, म्हणून त्यानं स्वतःच "हं" म्हटलं. मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा शर्ट न्यायलाही आला नाही. धाकट्या भावाला पाठवलं.

या सगळ्यात मास्तरांचा एक आधार होता, आणि तो कुणाला ठाऊक नव्हता. काकूंच्या बहिणीची मुलगी परगावी नोकरीला होती. ती एकदा सुट्टीला आलेली असताना तिनं गुपचूप मावशीचा आवाज टेप केला आणि कॉम्प्युटरमध्ये बसवून दिला. तेव्हापासून कॉम्प्युटर सुरू केला की तो ठणठणीत आवाजात म्हणायचा, "आले हो, आले!" काकूंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या हसून हसून खुर्चीवरून घसरल्या होत्या. "म्हणजे आता मी नसले तरी माप चुकायचं नाही!" त्या म्हणाल्या होत्या. माणसं असं काहीतरी बोलून ठेवतात आणि निघून जातात, मागे राहिलेल्याला मात्र ते झेपत नाही.

मास्तर रोज सकाळी दुकान झाडून झाल्यावर बटण दाबत. पंखा घुर्र करी, पडदा काळ्याचा निळा होई, आणि आवाज येई. दिवसातून एकदाच. दोनदा ऐकलं तर ती लबाडी होईल असं त्यांना वाटे. जिवंतपणीही सकाळच्या पहिल्या हाकेला ती अशीच यायची, चिडलेली नाही, दमलेलीही नाही. नंतरच्या हाकांना जरा आवाज चढायचा.

मग एका सकाळी मास्तरांनी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. वायर काढून फुंकर मारली, परत लावली. पडदा काळा तो काळाच. त्या काळ्या काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, आणि त्याच्यामागे रिकामं दुकान. ते पटकन उठले आणि उगाचच दुकान परत झाडून काढलं.

भाचीला फोन गेला. "काका, घाबरू नका," ती म्हणाली. "आतलं आत असतं. कॉम्प्युटर बंद पडला म्हणून मावशी जात नाही. पण तो दुरुस्तीला कुणाकडे टाकू नका, भलता माणूस सगळं पुसून टाकेल. आणि काही झालं तरी जुना कॉम्प्युटर कुणाला देऊ नका. कळलं? मी रजा मिळाली की येते, जुन्यातलं सगळं काढते आणि दुसऱ्यात घालते. पण घालायला दुसरा तर पाहिजे. तुम्ही एक साधासा घेऊन ठेवा."

"नवा?"

"नवा कशाला? शाळेच्या गणवेशांची मापं तर ठेवायचीत. जुन्या बाजारात चांगले मिळतात. फक्त फसू नका."

'फसू नका' हे शिंप्याला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं, असं मास्तरांना वाटलं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "कसं पारखायचं?" भाचीनं सांगितलं, त्यांनी ऐकलं. आगाऊ पैसे पाठवायचे नाहीत. समोर चालवून बघायचा, चांगला तापेपर्यंत. पक्कं बिल घ्यायचं, बिलावर मशीनचा नंबर, आणि तोच नंबर मशीनवर. गॅरंटी तोंडी चालणार नाही, लिहून शिक्का मारून. डिस्क नवी आहे का विचारायचं. आणि ज्याचं दुकान पुढच्या महिन्यातही तिथंच असेल अशा माणसाकडूनच घ्यायचं. मास्तरांनी हे सगळं एकदा ऐकलं आणि ते त्यांच्या डोक्यात असं बसलं, जसा कोटाच्या कॉलरमध्ये कॅनव्हास बसतो.

पहिली परीक्षा घरबसल्याच झाली. फोनवर एक जाहिरात आली. फोटोतला कॉम्प्युटर इतका चकचकीत होता की त्यात फोटो काढणाऱ्याची सावली दिसत होती, आणि किंमत एका पँटच्या शिलाईहून थोडीच जास्त. विकणारा म्हणाला, "भाऊ, माझी बदली झालीय, अर्जंट काढायचाय. अर्धे आत्ता पाठवा, संध्याकाळी घरपोच."

"बघायला कुठं येऊ?"

"बघायचं काय त्यात? फोटो पाठवलाय ना."

"मी कापड फोटोवर घेत नाही," मास्तर म्हणाले.

"कापड? कसलं कापड?"

"तेच. बघायला कुठं येऊ?"

त्यानंतर तो फोन लागला नाही. मास्तरांना हे यश चढलं. ते दिवसभर मनातल्या मनात मिश्या पिळत होते. मिश्या नव्हत्या हा भाग वेगळा.

जुन्या कॉम्प्युटरचा बाजार म्हणजे एक लांबलचक अरुंद रस्ता. दोन्ही बाजूंना दुकानं, आणि दुकानांच्या फळ्यांवर छतापर्यंत रचलेले काळे पडदे. कुठल्या तरी बुडालेल्या कचेऱ्यांतून, बंद पडलेल्या शाळांतून, मुलगा परदेशी गेलेल्या घरांतून आलेले. एकही चालू नव्हता. मास्तर त्या रस्त्यानं चालले तेव्हा प्रत्येक काचेत त्यांची एकेक काळपट प्रतिमा त्यांच्याबरोबर चालली. त्यांना वाटलं, आपण मधून जातोय आणि दोन्ही बाजूंनी माणसं खिडक्या लावून बसलीयत. एका पडद्यावर कुणा लहान मुलानं चिकटवलेलं चांदणीचं स्टिकर अजून तसंच होतं. मास्तरांनी नजर काढून घेतली.

त्यांनी दुकान निवडलं ते दुकानदाराच्या शर्टावरून. शर्ट जुना होता, पण बटणं सगळी एका जातीची. "बटण तुटल्यावर तसंच बटण शोधून लावणारा माणूस उद्या पळून जात नाही," असा त्यांचा हिशोब. दुकानदारानं एक डबा, एक पडदा, कीबोर्ड मांडला. मास्तरांनी पडदा चालू करून बघितला, मग खालच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा उलटा करून दाखवा."

"उलटा?"

"आतून. शिवण आतून बघायची असते."

मेकॅनिक आतून आला, कपाळाला हात लावावा की डबा उघडावा या पेचात क्षणभर उभा राहिला, आणि त्यानं डबा उघडला. मास्तरांनी वाकून आतल्या तारा बघितल्या. त्यातलं त्यांना अक्षरही कळलं नाही, पण तारा नीट बांधलेल्या होत्या, लोंबत नव्हत्या. त्यांनी वास घेतला. जळका नव्हता. मग मशीन चालू करून ते समोर बसले.

"आता काय बघायचंय?" दुकानदार म्हणाला.

"तापू दे."

"मास्तर, हा कॉम्प्युटर आहे, इस्त्री नाही."

"इस्त्रीपण मी तापवूनच घेतली होती. अजून चालते."

दोन चहा झाले. मेकॅनिकनं तेवढ्यात तीन गिऱ्हाइकं केली. मास्तर डब्याच्या कुशीला हात लावून बसले होते, आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा. शेवटी ते म्हणाले, "बरा आहे." बिल झालं, नंबर जुळला, शिक्का बसला. दुकानदारानं डिस्क नवी नाही पण चांगली आहे असं खरंखरं सांगितलं, म्हणून तर मास्तरांचा त्याच्यावर आणखी विश्वास बसला. मात्र बिलावरचा आकडा बघितल्यावर मास्तर खोकले.

"थोडं कमी करा."

"जुना आहे का घरी? तो द्या, कमी करतो."

मास्तर ताठ झाले. "जुना कॉम्प्युटर मी देणार नाही."

"बंद पडला असेल ना?"

"बंद असला तरी."

आणि इथं मास्तरांना सुचलं. आपल्याला हे सुचलं याचा त्यांना त्या क्षणी मोठा अभिमान वाटला. पुढं तोच अभिमान त्यांच्या घशात टाचणीसारखा अडकणार होता.

त्याचं असं होतं. मास्तरांच्या घरात कॉम्प्युटर म्हणजे टेबलावरचा पडदा. फोटो त्यात दिसायचे, मापं त्यात दिसायची, काकू त्याच्याकडे बघून 'हं' म्हणायच्या. त्या पडद्यासाठी मास्तरांनी उरलेल्या सुटिंगच्या कापडाचं, आत मऊ अस्तर लावलेलं झाकण शिवलं होतं. आणि टेबलाखाली होता तो डबा. त्याला प्लग होता, तो घुरघुरायचा, गरम व्हायचा आणि धाग्यांची कसपटं ओढून घ्यायचा. मास्तर त्याच्यावर पाय ठेवून काजं करत. त्यांच्या मते तो विजेचा काहीतरी होता, कॉम्प्युटरला करंट पोचवणारा. काकूंनाही यापेक्षा जास्त ठाऊक नव्हतं. त्या त्याला 'हीटर' म्हणत.

"कॉम्प्युटर देणार नाही," मास्तर धूर्तपणे म्हणाले, "पण त्याचा खालचा डबा हवा तर घ्या."

दुकानदारानं मेकॅनिककडे पाहिलं. मेकॅनिकनं छताकडे पाहिलं. "आणि पडदा तुम्ही ठेवणार?"

"पडदा मी ठेवणार."

"चालेल," दुकानदार फार पटकन म्हणाला. संध्याकाळी मेकॅनिक स्वतः येऊन नवा सेट जोडून गेला आणि डबा पोत्यात घालून घेऊन गेला. मास्तरांनी पोत्याचं तोंड बांधायला त्याला दोरासुद्धा दिला.

दुसऱ्या दिवशी मास्तर गणवेशाच्या चड्ड्या कापत होते. दुकानात कुणी नव्हतं. जुना पडदा झाकण घालून कपाटावर ठेवला होता. आणि एकाएकी कॉम्प्युटरमधून बारीक घंटा वाजली. मास्तरांची कात्री थबकली. त्यांनी वळून पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन आला होता, आणि त्यात लिहिलं होतं: बाबांची गोळी.

मास्तरांना मूल नव्हतं. त्यांना कुणी कधी बाबा म्हटलं नव्हतं. ते बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिले. मग उठले, आतल्या खोलीत गेले, आपली रक्तदाबाची गोळी घेतली आणि पाणी प्यायले. ती त्यांनी सकाळी घेतलेलीच होती. पण कुणीतरी विचारतंय तर नाही कसं म्हणायचं?

तिसऱ्या दिवशीही घंटा वाजली. चौथ्या दिवशीही. मास्तर आता घंटा व्हायच्या वेळेला कात्री खाली ठेवून बसायला लागले. कोण होते ते बाबा? गोळी देणारं कोण होतं? आणि आता ती गोळी कुणी देत नाही, म्हणूनच तर हे मशीन बाजारात आलं. एवढा हिशोब त्यांना करता आला, आणि करून झाल्यावर त्यांना तो केल्याचा पश्चात्ताप झाला.

रविवारी भाची आली. दारातच तिनं पिशवी टाकली आणि नव्या कॉम्प्युटरची पाहणी केली. बिल बघितलं, शिक्का बघितला. "काका, मानलं तुम्हाला! आमच्या ऑफिसातले इंजिनिअर फसतात." मग घंटा वाजली आणि तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "काहीच पुसलं नाही वाटतं दुकानवाल्यानं. आधीच्या माणसाचं सगळं तसंच आहे. आळशी मेला! असू दे. जुना कुठाय?"

मास्तरांनी कपाटावरून पडदा उतरवला. दोन्ही हातांनी, जपून. टेबलावर ठेवून त्याचं झाकण काढलं आणि बाजूला उभे राहिले. डॉक्टरसमोर पेशंटला बसवून नातेवाईक उभा राहतो तसे.

भाचीनं पडद्याकडे पाहिलं. मग पडद्यामागे पाहिलं. मग टेबलाखाली.

"काका, सीपीयू कुठाय?"

"काय?"

"खालचा डबा."

"हीटर? तो दिला की. त्याचेच तर पैसे कमी झाले." मास्तरांच्या चेहऱ्यावर अजून ते हुशारीचं हसू होतं. भाचीनं पुन्हा टेबलाखाली वाकून पाहिलं, तसं ते हसू एकेका टाक्यानं उसवत गेलं. "तू म्हणालीस जुना कॉम्प्युटर देऊ नका. नाही दिला. हा बघ ना, इथंच आहे."

भाचीनं त्यांचा हात धरला. "काका," ती अगदी हळू म्हणाली, "मावशी डब्यात होती."

मास्तर ज्याच्यावर पाय ठेवून काजं करत तो डबा. ज्याचं पोतं बांधायला स्वतः दोरा दिला तो डबा. त्यांनी पडद्यावर पुन्हा झाकण घातलं, मग काढलं, मग घडी करून हातात धरून ठेवलं. एवढे दिवस रोज सकाळी त्या पडद्याची धूळ पुसून त्याच्याशी जे काय दोन शब्द ते बोलले होते, ते सगळे एका रिकाम्या काचेशी बोलले होते.

बाजार रविवारी बंद. सोमवारी शटर वर जायच्या आधीच दोघं दुकानासमोर हजर. दुकानदारानं ऐकून घेतलं आणि मेकॅनिकला हाक मारली.

"तो डबा?" मेकॅनिकचा चेहरा पांढरा पडला. "मास्तर, खरं सांगू? त्यात फक्त पॉवर सप्लाय गेला होता, बाकी सगळं ठीक. मी दुसरा लावला, बटण दाबलं, आणि मागून बाई म्हणाली, आले! मी म्हटलं, या बसा. वळून बघतो तर कोण नाही. मी आख्खं दुकान शोधलं हो. टेबलाखालीसुद्धा बघितलं."

"पुसलास का?" भाचीनं विचारलं.

"पुसणारच होतो. पण एक म्हातारे गृहस्थ उभे होते इथं, स्वस्तातला बघत. ते म्हणाले, राहू द्या. आहे तसा द्या. घेऊन गेले."

मास्तरांनी काउंटरची कड धरली. दुकानदारानं बिलावरून फोन लावला. पलीकडच्या माणसाशी तो जरा वेळ बोलला आणि म्हणाला, "उद्या सकाळी या म्हणतात. रोज सकाळीच लावतात ते."

रात्र कशी गेली ते मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही. सकाळी त्यांनी कोट घातला. नवा, पारखून घेतलेला डबा चादरीत गुंडाळून भाचीनं रिक्षात ठेवला. "त्यांचं नुकसान नको," मास्तर म्हणाले. "डब्याला डबा."

गृहस्थ निवृत्त ग्रंथपाल होते. एकटेच राहायचे. खोलीत पुस्तकंच पुस्तकं, आणि प्रत्येकाच्या पाठीवर चिकटवलेला नंबर. आपल्याच पुस्तकांची सूची करायला त्यांनी कॉम्प्युटर घेतला होता. ती सूची कुणी मागितलेली नव्हती. "बसा," ते म्हणाले, "तुम्ही ओळखून घ्या आधी. दुसऱ्याचा निघायला नको." आणि चष्मा लावून त्यांनी बटण दाबलं.

पंखा घुर्र झाला. तोच. मास्तरांना तो घुर्र शंभर पंख्यांत ओळखू आला असता.

"आले हो, आले!"

"या," ग्रंथपाल म्हणाले.

अगदी सहज. दारात आलेल्या माणसाला म्हणावं तसं, मान किंचित हलवून. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की खोलीत आज दोन माणसं जास्त आहेत, आणि त्यांचे कान लाल झाले. "सवय झाली," ते पुटपुटले. "कुणी आले म्हटलं तर आपण गप्प कसं बसायचं?"

त्या खोलीत काकू आत्ता आल्या होत्या आणि कुठं बसल्या ते कुणालाच दिसत नव्हतं, असं काहीतरी मास्तरांना वाटलं. आपली बायको परक्या घरात आली, आणि त्या घरात तिला या म्हणणारं कुणीतरी होतं.

वातावरण हलकं करायला भाची म्हणाली, "एवढं कशाला? मी कॉपी काढते. दोघांकडे राहील."

"नको!" दोघं एकदम म्हणाले. मग एकमेकांकडे बघून दोघांनीही नजर वळवली.

ग्रंथपालांनी बटण बंद केलं. प्लग काढला. फडक्यानं डबा पुसला, मागच्या जाळीतली धूळ ब्रशनं काढली. मास्तरांनी ती धूळ आयुष्यात कधी काढली नव्हती. "एक विचारू?" ते म्हणाले. "तुम्ही काय म्हणायचा? त्या आल्या म्हणजे?"

"मी?" मास्तर म्हणाले. "मी काय म्हणणार? नवरा आहे मी."

ग्रंथपालांनी मान डोलावली, जणू हे उत्तर त्यांनी आधी कुठंतरी वाचलं होतं. चादरीतला डबा उघडला गेला. त्यांनी तो निरखला. "यात कुणी आहे का?"

"बाबा आहेत," मास्तर म्हणाले. "दुपार व्हायच्या आधी गोळी मागतात."

"अस्सं." ग्रंथपालांचा चेहरा थोडा उजळला. "मग बरं झालं. माझीही गोळी तेव्हाचीच असते."

जिन्यात भाची हसली. मास्तर हसले नाहीत. ते दोन्ही हातांनी डबा छातीशी धरून एकेक पायरी उतरत होते, आणि पायरीगणिक त्यांच्या कानात ते 'या' वाजत होतं. परक्या माणसाचं, सभ्य, मऊ. घरी डबा जोडला, भाची परत गेली, आणि सकाळी बटण दाबल्यावर काकू "आले हो, आले!" म्हणाल्या तेव्हाही आवाज संपल्यानंतरच्या रिकाम्या जागेत तेच 'या' ऐकू आलं. मास्तरांनी चमकून दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. बायको परत मिळाली होती, पण तिच्या मागोमाग एक परका माणूसही दुकानात शिरला होता, आणि मास्तर तोंड उघडत नाहीत तोवर तो बाहेर जायला तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तयारी केली. गिऱ्हाइकं यायच्या आधी, दार अर्धवट लोटून, ते मशीनसमोर उभे राहिले. घसा साफ केला. आवाज आला, आणि ते म्हणाले, "ये." पण उशीर झाला होता. आवाज संपून नुसता निळा पडदा उरला होता, आणि त्यांचा 'ये' त्या निळ्या पडद्यावर आपटून खाली पडला. तिसऱ्या दिवशीही तेच. आयुष्यभर हाक मारायची सवय, उत्तर द्यायची नाही. तो शब्द जिभेवर यायलाच वेळ लागे, आणि तोवर ती येऊन गेलेली असे.

मग त्यांनी उलटं केलं. आधी म्हणाले, "ये." म्हणून झाल्यावर एक श्वास थांबले. आणि नंतर बटण दाबलं.

"आले हो, आले!"

'या' म्हणणारा तो परका माणूस त्या दिवशी काही बोलला नाही.

आता रोज सकाळी असंच होतं. काकू गेल्यावर उजेडासाठी आतल्या दारासमोर इस्त्रीचं टेबल आणलं होतं, ते मास्तरांनी सरकवून भिंतीला लावलंय. त्यामुळे इस्त्री करताना उजेड येत नाही, आणि दोन शर्ट जरा करपलेही. कुणी विचारलं तर ते म्हणतात, जायला-यायला वाट राहत नव्हती.